उसन्या सांध्याचा शल्यविशारद : डॉ. एरिख लेक्सर

प्रवचनाच्या सभागृहात गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल सहज लक्षात येतो. पूर्वी सतरंजीवर मांडी घालून बसणारी ज्येष्ठ मंडळी आता मागील बाजूस खुर्च्यांवर बसू लागली आहेत आणि चातुर्मासागणिक त्या खुर्च्यांची संख्या वाढते आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक ज्यांनी वर्षानुवर्षे एका आसनावर केली, त्या आजीबाई आज भिंतीचा आधार घेऊन उठतात. वंदनेसाठी गुडघे टेकावेत तर पुन्हा उठता येईल की नाही, याची धास्ती असते. मन स्थिर झाले, पण गुडघा साथ देत नाही, ही खंत मस्तगडातील कितीतरी घरांत ऐकू येते.

सुदैवाने आज झिजलेला गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्या सर्वांच्या परिचयाची झाली आहे. धातू आणि प्लॅस्टिक यांचा सांधा बसवून घेतलेले आप्तस्वकीय प्रत्येक कुटुंबात एखाददुसरे तरी आढळतात. परंतु असा कृत्रिम सांधा व्यवहारात येण्यापूर्वी कित्येक दशके एका शल्यविशारदाने निराळीच वाट चोखाळली होती. एका माणसाच्या शरीरातून वेगळा झालेला निरोगी सांधा, त्याच्या हाडांसह आणि कूर्चेसह, दुसऱ्या माणसाच्या निकामी सांध्याच्या जागी रोवता येईल का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि १९०७ सालापासून प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करून त्याचे उत्तर शोधले. त्या शल्यविशारदाचे नाव डॉ. एरिख लेक्सर.

स्मरणिकेत चरित्र द्यावयाचे ते आदर्श पुरुषाचे, असा आपला प्रघात आहे. लेक्सर यांचे चरित्र त्या प्रघातात पूर्णपणे बसणारे नाही. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मोडलेली शरीरे सांधण्यात गेला आणि अखेरच्या पर्वावर मात्र कधीही न पुसला जाणारा डाग पडला. हे दोन्ही भाग एकत्र वाचले, तरच त्या चरित्राचा बोध हाती लागतो. म्हणून काहीही न झाकता ते येथे मांडत आहोत.

शब्दकोशकाराचा पुत्र

एरिख लेक्सर यांचा जन्म २२ मे १८६७ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील फ्रायबुर्ग या विद्यापीठनगरीत झाला. त्यांचे वडील मथियास लेक्सर हे नामांकित भाषापंडित होते. मध्ययुगीन जर्मन भाषेचा त्यांनी सिद्ध केलेला तीन खंडांचा कोश १८७२ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. जुन्या हस्तलिखितांतील विखुरलेले शब्द वेचावेत, त्यांचे अर्थ लावावेत आणि प्रत्येकास त्याच्या योग्य जागी बसवावे, हे चिकाटीचे काम घरात चाललेले पाहतच मुलगा मोठा झाला. मुलाने शब्दांऐवजी हाडे आणि सांधे हाती घेतले, एवढाच काय तो फरक!

वडिलांची नेमणूक व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात झाल्याने एरिख यांचे बालपण आणि वैद्यकीय शिक्षण त्या नगरीत झाले. १८९० मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी गटिंगन येथे शरीररचनाशास्त्राचे काम केले. शस्त्र हाती घेण्यापूर्वी शरीराची घडण डोळ्यांखालून घालावी, ही शिस्त त्यांना तेथे लाभली. पुढे ते बर्लिनला प्राध्यापक अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांच्या हाताखाली रुजू झाले.

बेर्गमान यांचे रुग्णालय म्हणजे त्या काळच्या शल्यशास्त्राचे गुरुकुलच होते. शस्त्रे, पट्ट्या आणि वस्त्रे वाफेने निर्जंतुक करूनच शस्त्रक्रिया करावयाची, ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत ज्या मोजक्या ठिकाणी आकारास आली, त्यांत या रुग्णालयाचे स्थान अग्रभागी होते. रोपणाच्या पुढील सर्व कार्याचा पाया येथेच घातला गेला, असे म्हणावे लागेल; कारण रोवलेल्या हाडाचा पहिला शत्रू पू होय. जखम पिकली की रोपण वाया गेलेच.

लेक्सर यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय हाडांतील पू हाच होता. लहान मुलांच्या हाडांत अकस्मात जंतुसंसर्ग का होतो, हे शोधताना त्यांनी सशांच्या रक्तात जंतू सोडून पाहिले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मनाला ही बाब खटकते आणि ती खटकावयासच हवी. परंतु आपण घेत असलेल्या औषधोपचारामागे अशा मुक्या जीवांचे ऋण आहे, हे सत्य नाकारून चालणार नाही. पुढे १९०४ मध्ये त्यांनी मृत हाडांच्या रक्तवाहिन्या भरून घेऊन त्यांची क्ष-किरण चित्रे काढली आणि कोणत्या हाडाला कोठून रक्त मिळते याचा नकाशाच तयार केला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती. त्यांचा सामान्य शल्यशास्त्रावरील पाठ्यग्रंथही याच सुमारास प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि १९०८ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर अमेरिकेत छापले गेले.

पुण्याचा कुंभार आणि बर्लिनचे रुग्णालय

बर्लिनच्या ज्या विद्यापीठ-रुग्णालयात लेक्सर घडले, त्याचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्राशी जुळतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ कुंभार समाजातील एका कसबी माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. कंपनी सरकारच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात तो वृत्तान्त चित्रासह छापून आला. त्यावरून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये आणि नंतर बर्लिनमध्ये कार्ल फॉन ग्रेफ यांनी अशी शस्त्रक्रिया केली. ग्रेफ यांनी १८१८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. ज्या अध्यासनावर ग्रेफ होते, त्याच अध्यासनावर पुढे बेर्गमान आले आणि त्यांच्याकडे लेक्सर शिकले. पुण्याच्या त्या अनामिक कारागिराची विद्या अशी हस्ते परहस्ते दूरवर पोहोचली होती.

मात्र त्या नाकाच्या शस्त्रक्रियेत आणि लेक्सर यांच्या कार्यात एक मूलभूत भेद आहे. फळबागांच्या भाषेत सांगितल्यास तो चटकन उमगेल. आंब्याचे भेट कलम करताना फांदी मूळ झाडाला जोडलेलीच ठेवतात. दोन्हींचा जीव एक झाल्यावरच ती कापतात. कपाळाची त्वचा अशीच देठाने जोडलेली राहते आणि तिला रक्त मिळत राहते. आपल्या जालन्याकडे मोसंबीचा डोळा भरतात, तेव्हा मात्र तो मूळ झाडावरून संपूर्ण काढून खुंटावर बसवितात. त्याला मागचा आधार उरत नाही. खुंटाने रस दिला तर तो जगतो, नाहीतर सुकतो. लेक्सर यांचे रोपण या दुसऱ्या प्रकारचे होते. शरीराचा तुकडा पूर्णपणे वेगळा करावयाचा आणि परक्या देहात रोवावयाचा.

कूर्चेचा शाप आणि वरदान

लेक्सर यांच्या पुढील कार्याचे महत्त्व कळण्यासाठी सांध्याची घडण थोडी समजून घ्यावयास हवी. दोन हाडे जेथे एकमेकांवर फिरतात, तेथे त्यांच्या टोकांवर पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. ते काही मिलिमीटर जाडीचे असते. पण त्याच्यामुळेच आपण वेदनेविना चालतो, वाकतो आणि बसतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील स्निग्ध द्रवातून झिरपून मिळेल तेवढ्या पोषणावर तिच्या पेशी जगतात. म्हणूनच कातडी कापली तर भरून येते, हाड मोडले तर जुळते, परंतु कूर्चा गेली की ती पूर्ववत होत नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच ही गोष्ट नोंदविली होती.

हा कूर्चेचा शाप. परंतु शापाच्या पोटात वरदानही दडलेले आहे. जिला मुळात रक्तवाहिनीची गरज नाही, ती परक्या शरीरात नेली तरी द्रवातून पोषण घेऊन तग धरू शकते. हाडाचे तसे नसते. हाडाला रक्त लागते. ते तोडून दुसरीकडे लावले की त्यातील बहुतेक पेशी मरतात. मात्र त्याचा सांगाडा उरतो. ग्रहण करणाऱ्या शरीरातील जिवंत पेशी त्या सांगाड्यात शिरतात, जुने हाड हळूहळू पोखरतात आणि त्याच जागी नवे हाड रचतात. जुन्या वाड्याचा एकेक चिरा बदलत जावा आणि अखेरीस वाडा तोच दिसावा, पण चिरे सगळे नवे असावेत, तसा हा प्रकार असतो. रोवलेले हाड उपयोगी पडते, हे ग्लासगोचे विल्यम मॅकएवेन यांनी १८८० च्या सुमारास एका लहान मुलाच्या दंडाच्या हाडावर दाखवून दिले होते. परंतु हाड आणि कूर्चा मिळून झालेला अख्खा सांधा बदलण्याचे धाडस त्यापुढचे होते.

क्योनिग्सबर्ग येथील धाडस

१९०५ मध्ये लेक्सर यांची क्योनिग्सबर्ग येथे प्राध्यापकपदी नेमणूक झाली. बाल्टिक समुद्राजवळचे हे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. तेथे त्यांच्यासमोर येणारे रुग्ण कसे होते? कोणाचा गुडघा क्षयाने किंवा पुवाने नष्ट होऊन काठीसारखा ताठ झालेला, कोणाचे हाड गाठीमुळे सांध्यासह काढावे लागलेले. त्या काळी प्रतिजैविके नव्हती आणि खात्रीचा कृत्रिम सांधाही नव्हता. पाय कापणे किंवा सांधा कायमचा ताठ करून टाकणे, एवढेच मार्ग शल्यविशारदाच्या हाती होते.

लेक्सर यांनी तिसरा मार्ग निवडला. दुसऱ्या एखाद्या रुग्णाचा पाय रक्तपुरवठा बंद पडून काळा पडल्यामुळे कापावा लागे. अशा वेळी पाऊल सडलेले असले, तरी वरचा गुडघा निरोगी असू शकतो. जो अवयव टाकूनच द्यावयाचा, त्यातील चांगला सांधा ताजा असतानाच वेगळा काढून गरजू रुग्णास द्यावा, असा त्यांचा विचार होता. सांध्याच्या वरची आणि खालची हाडे योग्य लांबीवर कापून तो तुकडा रुग्णाच्या रिकाम्या केलेल्या जागेत नेमका बसवावयाचा, हाडाला हाड भिडवावयाचे आणि ते जुळेपर्यंत पाय स्थिर ठेवावयाचा. कधी पूर्ण सांधा, तर कधी सांध्याची एकच बाजू, म्हणजे अर्धा सांधा त्यांनी रोवला. १९०८ मध्ये त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ते इंग्रजीतही छापले गेले आणि जगभरच्या शल्यविशारदांचे लक्ष क्योनिग्सबर्गकडे वेधले गेले.

येथे क्षणभर थांबून त्या दात्यांचे स्मरण करावेसे वाटते. वार्धक्याने आणि व्याधीने ज्यांचा पाय गेला, त्यांच्याच पायातील सांध्यावर दुसरा कोणी उभा राहिला. अवयवदानाचा कायदा तेव्हा नव्हता. त्या माणसांची नावे आज कोणाच्याही ओठी नाहीत.

लेक्सर यांचे धाडस सांध्यापुरते मर्यादित नव्हते. १९०७ मध्येच त्यांनी काखेतील फुगलेल्या रोहिणीचा भाग कापून त्या जागी रुग्णाच्याच पायातील नीला जोडली. तो रुग्ण पाच दिवसांनी अन्य कारणाने दगावला. परंतु हृदयरोगात आज सर्रास होणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील नीला वापरतात, त्या परंपरेच्या आरंभीच्या टप्प्यांत या घटनेची गणना होते.

यशापयशाचा हिशेब

१९१० मध्ये ते येना येथे गेले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तोफगोळ्यांनी चेहरे फाटलेल्या, जबडे उडालेल्या तरुणांची रीघ लागली. हाड, कूर्चा, त्वचा आणि चरबी एका ठिकाणाहून घेऊन दुसरीकडे रोवण्याची जी विद्या लेक्सर यांनी शांततेच्या काळात कमावली होती, ती आता या तरुणांच्या कामी आली. ज्याला आरशात पाहवत नव्हते, त्याला पुन्हा माणसांत बसता यावे, हे त्या शस्त्रक्रियांचे ध्येय होते. केवळ रोग काढून टाकणे हे शल्यशास्त्राचे काम नसून हरवलेले रूप आणि हरवलेली हालचाल परत देणे हेही त्याचे कर्तव्य आहे, असा विचार त्यांनी आपल्या ग्रंथांतून मांडला. १९१९ मध्ये ते आपल्या जन्मगावी, फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक झाले. ऊतींच्या रोपणावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९१९ आणि १९२४ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला.

१९२५ मध्ये त्यांनी सांधेरोपणाचा सतरा-अठरा वर्षांचा हिशेब जगापुढे ठेवला. २३ पूर्ण सांधे आणि ११ अर्धे सांधे यांचा तो वृत्तान्त होता. त्यांतील सुमारे निम्मे यशस्वी झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. निम्मे यश म्हणजे निम्मे अपयश! काही ठिकाणी जखम पिकली, काही ठिकाणी रोवलेले हाड मोडले वा खचले, काही सांध्यांची कूर्चा कालांतराने झिजून गेली. हाडाच्या सांगाड्यात नवे हाड रचले जाण्यास काही वर्षे लागतात. त्या अवधीत ते ठिसूळ असते आणि अंगाचा भार पडला की ढासळते. दुसऱ्याच्या शरीरातील पेशींना आपले शरीर परके मानते, हे तेव्हा नीट उलगडले नव्हते. त्याचा शास्त्रीय उलगडा १९४० च्या दशकात पीटर मेदावार यांच्या संशोधनातून झाला.

मात्र लेक्सर यांनी आपली अपयशे झाकून ठेवली नाहीत. रोवलेला सांधा पहिल्या महिन्यात कसा दिसला, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. वर्षानुवर्षे रुग्णांचा मागोवा घेऊन त्यांनी आकडे मांडले. पुढच्या पिढ्यांना त्यांचा मार्ग कोठे अडतो, हे त्या प्रामाणिक हिशेबामुळेच कळले. अख्खा सांधा बदलण्याची कल्पना मागे पडली आणि इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातू व प्लॅस्टिकचा खुबा यशस्वी करून दाखविला. परंतु लेक्सर यांचा मूळ विचार विरला नाही. कूर्चेचा लहानसा भाग निकामी झालेल्या तरुण रुग्णांसाठी कॅनडातील टोरांटो येथे १९७२ पासून दात्याचे हाड आणि कूर्चा यांचे ताजे तुकडे रोवण्यास सुरुवात झाली. हंगेरीचे लास्लो हँगोडी यांनी १९९० च्या दशकात रुग्णाच्याच गुडघ्यातील कमी भार पडणाऱ्या जागेवरून हाडासह कूर्चेच्या बारीक गुल्ल्या काढून त्या खड्ड्यात बसविण्याची पद्धत रूढ केली. अंगणात फरशीचे तुकडे जुळवून बसवावेत, तशी ही रचना असते. १९९४ मध्ये स्वीडनच्या वैद्यांनी रुग्णाच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत गुडघ्यात सोडल्याचा वृत्तान्त दिला. या सर्व प्रयत्नांच्या मागे क्योनिग्सबर्गचे ते धाडस उभे आहे.

अखेरचा कलंक

१९२८ मध्ये लेक्सर म्युनिक येथे प्राध्यापक झाले. जर्मनीतील मानाच्या अध्यासनांपैकी ते एक होते. वय एकसष्ट. कीर्ती शिखरावर. येथेच चरित्र संपले असते तर लेखणीला बरे वाटले असते.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्याच्या सरकारने आनुवंशिक व्याधी असल्याचे ठरविलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. त्याच्या यादीत मतिमंद होते, मनोरुग्ण होते, अपस्माराचे रुग्ण होते, जन्मांध आणि जन्मबधिर होते. आणि त्याच यादीत जन्मतः गंभीर शारीरिक व्यंग असलेली माणसेही होती. या कायद्याखाली सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत हजारो जण, विशेषतः स्त्रिया, प्राणास मुकल्या. आणीबाणीच्या काळातील नसबंदीच्या सक्तीच्या आठवणी आपल्याकडील ज्येष्ठांच्या मनात अजून असतील. जर्मनीतील हेतू निराळा आणि अधिक भयंकर होता. तेथे काही माणसांचा वंशच पृथ्वीवर नको, असे शासनाने ठरविले होते.

१९३४ मध्ये या कायद्यावरील अधिकृत भाष्यग्रंथ प्रसिद्ध झाला. पुरुषांवरील शस्त्रक्रिया कशी करावी, हे सांगणारे त्यातील प्रकरण लेक्सर यांनी लिहिले.

ज्या हातांनी वाकड्या, ताठ झालेल्या, फाटलेल्या शरीरांना आयुष्यभर आकार दिला, त्याच हातांनी हे लिहावे! व्यंग असलेल्या माणसाला समाजात परत आणणे हे ज्यांनी आपल्या शास्त्राचे ध्येय ठरविले, त्यांनीच व्यंग असलेल्या माणसाची पुढची पिढी खुंटविण्याच्या कामी आपली विद्या द्यावी! भीतीने, मोठेपणाच्या मोहाने की मनोमन पटल्यामुळे, याचा निवाडा आपण करू शकत नाही. त्या काळातील जर्मनीत पुष्कळ विद्वानांनी असेच केले, हे खरे; परंतु पुष्कळांनी केले म्हणून पाप हलके होत नाही. शल्यकर्माचे प्रकरण लिहिणाऱ्याने कदाचित स्वतःची समजूत घातली असेल की आपण केवळ तंत्र सांगत आहोत, निर्णय घेणारे दुसरे आहेत. परंतु हिंसा स्वतः केली काय, दुसऱ्याकरवी करविली काय किंवा तिला अनुमोदन दिले काय, तिन्ही सारखेच दोषास्पद होय, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकविले जाते. कृत, कारित आणि अनुमोदित या तीन शब्दांत जे सांगितले आहे, ते एका जगद्विख्यात प्राध्यापकाला उमगले नाही.

१९३६ मध्ये ते निवृत्त झाले आणि ४ डिसेंबर १९३७ रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे

लेक्सर यांच्या चरित्रातून दोन गोष्टी मनाशी बाळगाव्यात, असे वाटते.

पहिली गोष्ट दानाची. टाकाऊ ठरलेल्या अवयवातही दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा भाग असतो, हे त्यांनी दाखविले. आज त्या विचाराला शास्त्राची आणि कायद्याची चौकट लाभली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. तेथे दानातून मिळालेली हाडे व अन्य ऊती स्वच्छ करून, किरणोत्साराने निर्जंतुक करून रुग्णांसाठी ठेवण्याचे कार्य उभे राहिले. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा जो गोलाकार माथा काढला जातो, तो रुग्णाने संमती दिल्यास आणि तपासणीत निर्दोष ठरल्यास अशा पेढीत जमा होऊ शकतो. म्हणजे एखाद्या आजोबांचा झिजलेला खुबाही दुसऱ्या कोणाच्या हाडातील पोकळी भरून काढतो. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा आपल्या देशात १९९४ मध्ये झाला आणि २०११ च्या दुरुस्तीने हाडे, त्वचा, नेत्रपटल यांसारख्या ऊतीही त्याच्या कक्षेत आल्या. नेत्रदानाचे संकल्प आपल्या समाजात नवे नाहीत. मरणोत्तर अस्थी आणि त्वचा यांचे दानही त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. घरात याविषयी आधीच बोलणे झालेले असेल, तर दुःखाच्या प्रसंगी निर्णय घेणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट विद्येची. रोवलेल्या सांध्याचे भवितव्य केवळ शल्यविशारदाच्या कौशल्यावर ठरत नाही. ज्या देहात तो रोवला जातो, तेथील जमीन निर्मळ असावी लागते. तेथे पू असेल, तर उत्तमातील उत्तम रोपणही कुजते. विद्येचेही तसेच आहे. लेक्सर यांची विद्या अस्सल होती, चिकाटी अपार होती, अपयश कबूल करण्याइतके ते प्रामाणिकही होते. परंतु ती विद्या ज्या काळाच्या मातीत रुजली होती, ती द्वेषाने पिकली, तेव्हा विद्येने त्यांना वाचविले नाही. ज्ञानाला करुणेचा आणि चारित्र्याचा पुरवठा थांबला की ते रक्त न मिळालेल्या हाडासारखे होते. बाहेरून भक्कम दिसते आणि नेमका भार पडतो तेव्हा ढासळते.

आपली मुले-मुली आज मोठ्या संख्येने वैद्यकीय आणि तांत्रिक शिक्षण घेत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या हातून पुष्कळांचे गुडघे सरळ व्हावेत, पुष्कळ आजीबाई पुन्हा सतरंजीवर बसून सामायिक करू लागाव्यात, अशी आपणा सर्वांची इच्छा आहे. त्याचबरोबर समोरचा माणूस कितीही दुबळा, व्यंग असलेला वा वेगळा असला तरी त्याचा जीव आपल्या जीवाइतकाच मोलाचा आहे, ही जाणीव त्यांच्या विद्येखाली सदैव जिवंत राहो. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तरुण पिढीसाठी यापेक्षा मोठा संकल्प कोणता असू शकेल?